गच्चीवरचा सोलर आणि नागपूरचा मे महिना

नागपुरात सोलर वॉटर हीटर बसवतात डिसेंबरच्या थंडीसाठी, पण त्याच्या नळ्या तडकतात मे महिन्यात. कारण नळीच्या रचनेतच आहे. काचेच्या नळीत दुसरी नळी, मध्ये निर्वात पोकळी. आतल्या नळीवरचा काळा लेप ऊन शोषतो आणि पोकळीमुळे ती उष्णता बाहेर निसटत नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं. पंप लागतच नाही. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला गीझर साधारण 4.65 युनिट वीज खातो. तेवढं काम इथे ऊन करतं.

सुट्टीत गावाला जाताना गच्चीवरचा मेन कॉक बंद केला, की खरी अडचण सुरू होते. पाणी कुणी वापरत नाही, ते उकळतं, व्हेंट पाइपातून वाफ निघून जाते आणि वरून भर पडत नाही. पातळी घटत जाऊन नळ्या कोरड्या पडल्या की आतली काच 200 अंशांच्या पुढे जाते. परतल्यावर भर दुपारी कॉक उघडला, तापल्या काचेला गार पाणी लागलं, की नळी तडकलीच. म्हणून जाण्यापूर्वी नळ्यांवर ताडपत्री बांधा. विसरलात तर पाणी सूर्योदयापूर्वीच सोडा.

नळ्यांचं तोंड दक्षिणेला हवं. नागपूर 21 अक्षांशावर आहे, म्हणून उतारही 21 अंशांचाच हवा असं वाटेल. उतार मात्र 35 अंशांच्या आसपास ठेवावा. डिसेंबरात दुपारचा सूर्य जेमतेम 45 अंश चढतो, तेव्हा ऊन जवळजवळ सरळ पडतं. 26 मेच्या सुमारास तो थेट डोक्यावर येतो, तेव्हा याच उतारावर ते तिरपं पडतं आणि पाणी उकळण्याचं प्रमाणही कमी होतं.

गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीपेक्षा निदान फूटभर उंच असावा. व्हेंट पाइप गार टाकीच्या काठाच्याही वर न्यावा, नाहीतर त्यातून पाणी सतत सांडत राहील. तो बुजला तर टाकी आत ओढली जाऊन चेपते, म्हणून त्याला कॉक कधीच लावू नये.

बोअरचं पाणी जड असतं. तापलं की त्यातला चुना पांढऱ्या थराने बसतो. सपाट पॅनेलमधल्या बारीक तांब्याच्या नळ्या तर बुजूनच जातात. बोअर असेल तर काचेच्या नळ्यांचा सोलर घ्या आणि वर्षातून एकदा ड्रेन कॉक उघडून गाळ काढा.

गरम पाण्यासाठी साधा पीव्हीसी पाइप नको, उष्णता सोसणारा सीपीव्हीसी हवा. पाऊण इंची पाइपात दर 10 मीटरला तीन लिटर पाणी अडकून गार होतं. सकाळी ते आधी बादलीत काढून घ्या, विसाणाला कामी येतं.