डुकरांची रोगतपासणी व वाहतूक नियमन

पाळीव डुकरांमधील सांसर्गिक रोग आटोक्यात ठेवण्यासाठी शासन तपासणी, कानातले बिल्ले, नोंदी आणि जनावरांची ने-आण यांबाबत जे नियम घालून देते, त्यांना एकत्रितपणे दिलेले हे नाव आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर आणि क्लासिकल स्वाइन फीव्हर (डुकरांचे दोन वेगवेगळे विषाणूजन्य ताप), लाळ्या खुरकूत, आउजेस्की रोग (मज्जासंस्थेवर परिणाम करणारा विषाणूजन्य रोग) आणि ब्रुसेलोसिस (गर्भपात घडवणारा जिवाणूजन्य रोग) हे यातले प्रमुख रोग.

या सगळ्याच्या मुळाशी परिपाक काल, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हरमध्ये तो साधारण ४ ते १९ दिवसांचा असतो. तेवढे दिवस विषाणू अंगात असलेले डुक्कर नीट खाते-पिते आणि बाजारात विकलेही जाते. म्हणून नवे जनावर आले की ठरावीक दिवस त्या फार्मवरून डुकरे बाहेर हलवू देत नाहीत. ब्रिटनमध्ये ही मुदत २० दिवसांची आहे. थेट कत्तलखान्यात जाणाऱ्या जनावरांना मात्र सूट मिळते. फेब्रुवारी २००१ मध्ये तिथल्या एसेक्समधील एका कत्तलखान्यात डुकरांत लाळ्या खुरकूत आढळला, तेव्हा मेंढ्यांच्या बाजारांतून तो आधीच दूरवर पोहोचला होता. पुढे ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. प्रक्रिया न केलेले खरकटे हा त्या साथीचा संभाव्य उगम मानला गेला आणि त्याच वर्षी डुकरांना खरकटे घालण्यावर बंदी आली.

तपासणीचे काम अंगमेहनतीचे आहे. वरच्या जबड्यात फासा अडकवून डुकराला स्थिर धरतात आणि मानेतल्या मोठ्या शिरेतून रक्त काढतात. मोठ्या कळपात दहा टक्के जनावरे बाधित असतील, तर सुमारे ३० नमुन्यांत त्यातले एखादे सापडण्याची शक्यता ९५ टक्के असते. प्रमाण पाच टक्के असेल तर ६० नमुने लागतात. काही रोगांसाठी वाड्यात सुती दोर टांगतात. डुकरे तो चघळतात आणि दोर पिळून मिळालेली लाळ प्रयोगशाळेत जाते. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचे तीव्र रूप असेल तर प्रतिपिंडे (रोगाविरुद्ध शरीर बनवते ती रक्तातील प्रथिने) तयार होण्याआधीच जनावर मरू शकते, त्यामुळे तिथे विषाणूचाच शोध घेणारी पीसीआर चाचणी महत्त्वाची.

अमेरिकेने १९८९ मध्ये आउजेस्की रोगाच्या निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. प्रत्येक राज्याला पाच टप्प्यांपैकी एक दर्जा मिळे आणि त्या दर्जावर तिथली डुकरे कोणत्या तपासणीनंतर बाहेर जाऊ शकतात हे ठरे. लस टोचलेले जनावर आणि खरोखर बाधित जनावर वेगळे ओळखणारी चाचणी हाताशी होती, म्हणूनच हे जमले. २००४ च्या अखेरीस व्यावसायिक कळप रोगमुक्त झाले. रानडुकरांत विषाणू अजून आहे.

साथ आल्यावर क्षेत्रबंदी लागते. युरोपीय संघात बाधित फार्मभोवती किमान ३ किलोमीटरचे संरक्षण क्षेत्र आणि १० किलोमीटरचे निगराणी क्षेत्र आखतात. भारतात २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर प्रथम आढळल्यावर १ किलोमीटरचे बाधित क्षेत्र आणि १० किलोमीटरचे निगराणी क्षेत्र ठरले. येथे २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अधिसूचित रोगाची शंका आली तरी खबर देणे मालकावर बंधनकारक आहे.

ही खबर वेळेत येणे बहुतांशी नुकसानभरपाईवर अवलंबून असते. अनेक योजनांत शासनाने मारलेल्या जनावरांचीच भरपाई मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. अशा योजनेत पहिले डुक्कर मरताच कळवणारा आणि आजार लपवून उरलेली डुकरे घाईने विकणारा यांच्यात प्रामाणिक माणसाचेच नुकसान होण्याची भीती असते, आणि हा नियमाचा गंभीर दोष आहे. बंदीच्या क्षेत्रातील निरोगी कळपाचे हालही कमी नसतात: विक्रीयोग्य डुकरे फार्मवरच अडकतात, खाद्याचा खर्च चालू राहतो आणि वजन मर्यादेपलीकडे गेले की कत्तलखाना त्यांचा भाव उतरवतो.