जागल्या संरक्षण कायदा आणि व्यावसायिक बेसबॉल

संस्थेतला गैरप्रकार आतून उघड करणाऱ्या जागल्याला, म्हणजे व्हिसलब्लोअरला, सूडापासून वाचवण्यासाठी अमेरिकेत अनेक कायदे आहेत. तिथल्या व्यावसायिक बेसबॉलने हाच प्रश्न कायद्याच्या बाहेर, स्वतःच्या शिस्तीत सोडवला आहे, आणि तोही दोन अगदी उलट टोकांनी.

पहिले टोक 1919 चे. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपद ठरवणारी अंतिम मालिका, जुगाऱ्यांच्या पैशासाठी हरल्याचा आरोप शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर आला. 1921 मध्ये ज्यूरीने खटल्यातील खेळाडूंना निर्दोष ठरवले. दुसऱ्याच दिवशी कमिशनर, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलचे प्रमुख, केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना कायमचे बाद केले. लँडिस हे स्वतः फेडरल न्यायाधीश. ज्यूरीचा निकाल काहीही असो, खेळातली शिस्त वेगळी, ही त्यांची भूमिका. आठ जणांत बक वीव्हरही होता. त्याने पैसे घेतल्याचे कधी सिद्ध झाले नाही आणि त्या मालिकेत त्याची फलंदाजीची सरासरी .324, म्हणजे चांगलीच, होती. पण कट शिजतोय हे कानावर येऊनही तो गप्प बसला, एवढाच त्याचा गुन्हा. वीव्हर 1956 मध्ये वारला. बंदी उठली ती थेट मे 2025 मध्ये, मृत व्यक्तींवरील बंदी संपुष्टात आणण्याच्या सरसकट निर्णयात.

दुसरे टोक माइक फायर्स. ह्यूस्टन ॲस्ट्रोज क्लबचा हा माजी पिचर (चेंडू टाकणारा) नोव्हेंबर 2019 मध्ये ‘द ॲथलेटिक’ या क्रीडाविषयक वेबसाइटला नाव देऊन बोलला: 2017 च्या विजेतेपदाच्या हंगामात संघ घरच्या मैदानावर कॅमेऱ्याने प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा चोरत होता. पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा खेळाडू, पिचरला या खुणांनी सांगतो. डगआउटच्या, म्हणजे मैदानालगतच्या खेळाडूंच्या बाकांच्या, मागे टीव्हीचा पडदा लावलेला असे. खूण उलगडली की कुणीतरी कचऱ्याच्या डब्यावर ठोकायचे. आवाज आला तर संथ किंवा वळणारा चेंडू, नाही आला तर वेगवान. समोरून गुगली येणार हे क्रिकेटच्या फलंदाजाला आधीच कळावे, तसा हा फायदा.

जानेवारी 2020 मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड (हेही वकीलच) यांनी क्लबला 50 लाख डॉलर दंड केला, दोन वर्षांच्या ड्राफ्टमधील (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील) पहिल्या दोन फेऱ्यांच्या निवडी काढून घेतल्या आणि जनरल मॅनेजर जेफ लूनो व मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) ए. जे. हिंच यांना वर्षभरासाठी निलंबित केले. मालकाने दोघांना त्याच दिवशी काढले. खेळाडू मात्र खरे सांगण्याच्या बदल्यात सुटले, विजेतेपदही शाबूत राहिले. चुगलखोर म्हणून बोलणी खावी लागली ती फायर्सला, आणि तीही खेळातल्याच काही नामवंतांकडून.

कायद्याने त्याला फारसा आधार मिळाला नसता. 2002 चा सार्बेन्स-ऑक्सली कायदा मुख्यतः शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत भागधारकांची फसवणूक उघड करणाऱ्यांसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या लॉसन निकालाने त्यात अशा कंपन्यांच्या कंत्राटदारांचे कर्मचारीही आले. 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्यात रोखे व्यवहारांतल्या गैरप्रकारासाठीचा दंड दहा लाख डॉलरच्या वर गेला तर त्याचे 10 ते 30 टक्के जागल्याला मिळू शकतात. पण सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या डिजिटल रिअल्टी प्रकरणात स्पष्ट केले, की या कायद्यातले सूडविरोधी संरक्षण हवे तर आधी रोखे आयोगाकडे (शेअर बाजाराच्या सरकारी नियामकाकडे) तक्रार केलेली असली पाहिजे. ॲस्ट्रोज खाजगी मालकीचा क्लब, तक्रार वेबसाइटकडे, विषय कचऱ्याचा डबा. अटलांटा ब्रेव्ह्जची मालक कंपनी शेअर बाजारात आहे, तरी तिथेसुद्धा खुणांची चोरी ही भागधारकांची फसवणूक ठरवणे वकिलाला जड जाईल.

फँटसी स्पर्धांत (खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडण्याच्या स्पर्धांत) पैसे लावणाऱ्यांनी या चोरीवरून लीगवर, म्हणजे मेजर लीग बेसबॉल या संघटनेवर, दावा ठोकून पाहिला. न्यायाधीश जेड रेकॉफ यांनी तो 2020 मध्ये फेटाळला आणि 2022 मध्ये अपिलातही तो टिकला नाही. मात्र त्याच अपिलात लीगने न्यूयॉर्क यांकीज क्लबला 2017 मध्ये पाठवलेले पत्र खुले करण्याचा आदेश झाला. डगआउटच्या फोनच्या गैरवापरासाठी यांकीजना एक लाख डॉलर दंड झाल्याचा तपशील त्यामुळे जगासमोर आला.