केळे : उतारवयाच्या नजरेतून

केळे हे म्यूसेसी कुलातील म्यूसा या प्रजातीचे फळ. ज्या वनस्पतीला ते लागते तिला सगळे झाड म्हणत असले, तरी तिच्यात लाकूड नसते. बुंधा म्हणून जो खांब दिसतो, तो एकमेकांवर घट्ट गुंडाळलेल्या, पानांच्या तळच्या सोपटांचा. खरे खोड जमिनीखाली कंदाच्या रूपात असते. कंदातून दांडा वर येऊन केळफूल बाहेर पडले आणि लोंगर, म्हणजे केळ्यांचा घड, पोसून तयार झाला, की तो खांब संपतो व कंदातून बाजूला फुटलेले कोंब, म्हणजे मुनवे, त्याची जागा घेतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने केळे हे मृदुफळ आहे, म्हणजे द्राक्ष आणि टोमॅटो यांच्या पंगतीतले. स्ट्रॉबेरीला मात्र त्या पंगतीत जागा नाही. फणीतली कोवळी केळी आधी खाली झुकलेली असतात. पुढे ती गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेने वर वळतात आणि त्यांना बाक येतो.

रानकेळ्यात गर थोडा आणि टणक बिया भरपूर असतात. न्यू गिनीतील कुक या पाणथळ जागी सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या केळीच्या लागवडीचे पुरावे मिळाले आहेत. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कमी बियांची केळी निवडून लावली. आज खाल्ल्या जाणाऱ्या बहुतेक वाणांत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. केळे आडवे कापल्यावर मध्यभागी दिसणारे बारीक काळे ठिपके म्हणजे न वाढलेली बीजांडे. बी नसल्याने लागवड मुनव्यांपासून किंवा प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेल्या, म्हणजे ऊतिसंवर्धित, रोपांपासून होते आणि एका वाणाची सगळी रोपे जनुकीय दृष्ट्या जवळपास एकच असतात. एकाला जो रोग मारतो, तो सगळ्यांनाच मारतो.

हे विसाव्या शतकात प्रत्यक्ष घडले. तेव्हा जागतिक व्यापारातले केळे म्हणजे ‘ग्रो मिशेल’ हा वाण. फ्युजेरियम या मातीतल्या बुरशीमुळे होणाऱ्या ‘पनामा’ रोगाने त्याच्या बागा एकामागून एक बसल्या आणि 1960 च्या दशकापर्यंत व्यापारात त्याची जागा ‘कॅव्हेंडिश’ने घेतली. या वाणाला डेव्हनशरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांचे नाव मिळाले. त्यांच्या चॅट्सवर्थ येथील काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने 1830 च्या दशकात ते वाढवले होते. म्हणून आयात केळ्यांवर बालपण काढलेले, आज पंचाहत्तरी ओलांडलेले युरोप-अमेरिकेतले कोणी ‘केळ्याला पूर्वीची चव राहिली नाही’ म्हणाले, तर तो म्हातारपणाचा सूर समजू नये. त्यांनी लहानपणी खाल्लेले केळे खरोखरच वेगळे होते, अधिक सुवासिक आणि जाड सालीचे. आता कॅव्हेंडिशवरही याच बुरशीचा ‘टीआर-4’ हा प्रकार चालून आला आहे. 2019 मध्ये तो कोलंबियात पोहोचल्याचे जाहीर झाले. त्याला दाद न देणाऱ्या, जनुकीय बदल केलेल्या एका कॅव्हेंडिश वाणाला ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये मान्यता दिली.

कच्च्या केळ्यात पिष्ट भरपूर असते. पिकताना इथिलीन वायूच्या प्रभावाने त्यातले बहुतेक साखरेत बदलते. म्हणून कमी पिकलेले केळे रक्तातील साखर सावकाश वाढवते आणि डाग पडलेले तुलनेने लवकर; मधुमेह असलेल्यांनी केळ्याच्या आकाराइतकेच त्याच्या रंगाकडेही पाहावे. कच्च्यातले काही पिष्ट लहान आतड्यात पचत नाही आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या उपयोगी पडते. केळी लवकर पिकवायची असतील तर कागदी पिशवीत सफरचंदासोबत ठेवावीत; सफरचंदही हाच वायू सोडते. फ्रिजमध्ये साल काळी पडते ती थंडीने पेशी फुटल्यामुळे. पिकलेले केळे असेल तर आतला गर चांगलाच राहतो. आणखी एक गंमत : पिवळे केळे अतिनील प्रकाशात निळे चमकते, कारण हरितद्रव्य मोडल्यावर सालीत उरणारी द्रव्ये तो प्रकाश शोषून निळा बाहेर टाकतात. हे 2008 मध्ये लक्षात आले.

मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे 105 कॅलरी, 3 ग्रॅम तंतू आणि 420 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. पोटॅशियमची कीर्ती जरा फुगवलेलीच म्हणावी लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेल्या रोजच्या किमान 3,510 मिलिग्रॅममधला हा जेमतेम आठवा हिस्सा, आणि सालीसकट भाजलेल्या मध्यम बटाट्यात याच्या दुपटीने असते. जीवनसत्त्व ‘बी-6’ची बाजू मात्र भक्कम आहे. पन्नाशीनंतर त्याची गरज थोडी वाढते आणि एका केळ्यातून तिचा सुमारे चौथा भाग भागतो.

निरोगी मूत्रपिंडे जादा पोटॅशियम बाहेर टाकतात. ती थकलेली असतील तर ते रक्तात साचते आणि हृदयाची लय बिघडवू शकते. रामीप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या रक्तदाब-हृदयविकाराच्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते. अशांनी रोज किती केळी खावीत हे डॉक्टरांनाच विचारावे; ‘कमी सोडियमचे मीठ’ वापरत असल्यास तेही सांगावे, कारण त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्या काहींना केळ्याचीही असते.

केळ्यात सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडले जाणारे रसायन असते हे खरे, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, त्यामुळे केळे खाऊन मन लगेच प्रसन्न होते या समजाला त्याचा आधार नाही. ते वेगळ्याच ठिकाणी आडवे येते : काही विशिष्ट गाठींच्या निदानासाठी लघवीतल्या ‘5-एचआयएए’ची, म्हणजे सेरोटोनिन मोडून तयार होणाऱ्या द्रव्याची, तपासणी होते, आणि आधी केळी खाल्ली तर हा आकडा फसवा वाढतो. म्हणून त्या चाचणीपूर्वी काही दिवस केळी बंद ठेवायला सांगतात. केळे किंचित किरणोत्सर्गी असते हेही खरे, पोटॅशियम-40 मुळे. पण माणसाच्या शरीरात हेच द्रव्य एका केळ्याच्या कितीतरी पट कायमच असते, आणि जादा पोटॅशियम शरीर ठेवून घेत नाही, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.

सालीवरून घसरणे हा विनोदी चित्रपटांचा जुना प्रसंग. जपानी संशोधक कियोशी माबुची आणि सहकाऱ्यांनी तो प्रयोगशाळेत तपासला. साल आतली बाजू खाली ठेवून बुटाने दाबली, तर लिनोलियमच्या फरशीवरचा घर्षणगुणांक (घसरण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) सुमारे 0.07 येतो, म्हणजे नुसत्या फरशीच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका. सालीच्या आतल्या बारीक कोशांत बुळबुळीत द्रव असतो. पायाखाली ते फुटले की त्याचा थर वंगणासारखा पसरतो. या कामाला 2014 चे भौतिकशास्त्राचे ‘इग नोबेल’, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले. माबुचींचा मूळ विषय सांध्यांचा : गुडघ्यासारख्या सांध्यातले वंगणही अशाच चिकट द्रवावर चालते.