किल्ली, उचल आणि शेवटचा हिशोब

‘आधी किल्ल्या आणून द्या, मग हिशोब करू.’ कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतली धान्याची पेढी असो की शिवाजी उद्यमनगरातलं लेथ वर्कशॉप, नोकरी सोडणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकावं लागतंच. मालकाला त्यात वावगं वाटत नाही, बहुतेकदा कामगारालाही वाटत नाही. पण किल्ली परत करणं आणि राहिलेला पगार देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने त्या हळूहळू एकमेकींपासून सोडवत आणल्या. व्यवहारात मात्र त्यांची गाठ अजून सुटलेली नाही.

गाठ पडली ती पेढीच्या काळात. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि 1906 मध्ये शाहू मिल उभी राहिली. मिलला फाटक होतं, हजेरीपट होता. पेढीवर मात्र दिवाणजी आणि दोन-तीन नोकर. तिथे पगार ठरायचा, पण महिन्याच्या महिन्याला हातात पडेलच असं नसे. नोकराच्या नावाचं खातं खतावणीत असायचं. मुलीचं लग्न, आजारपण, गावाकडची पेरणी निघाली की उचल घ्यायची आणि दिवाळीच्या पाडव्याला वही बदलताना जमा-नावे बघायचं. गावाकडे सालगड्याचा करार गुढीपाडव्याला होई, त्याचंही तंत्र हेच. त्यामुळे सोडून जाण्याच्या दिवशी कोणी तरी कोणाचं देणं लागतच असे. गल्ल्याची आणि गोदामाची किल्ली ही त्या देण्याघेण्यातली आणखी एक बाब. कागद मध्ये नसल्याने ज्याच्या हातात पैसे, त्याचा शब्द शेवटचा.

ब्रिटिश मुलखात गिरण्यांमधला दंड आणि अडवलेला पगार ही मोठी तक्रार झाली होती. 1929 मध्ये कामगारांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात हा विषय घेतला आणि पुढे वेतन प्रदान कायदा 1936 आला. दरमहा 200 रुपयांच्या आत मिळवणाऱ्यांसाठीच तो होता आणि मुळात कारखाने व रेल्वेपुरता. इतर आस्थापनांना राज्य सरकार अधिसूचनेने लावू शके. दंडाची मर्यादा होती रुपयामागे अर्धा आणा, म्हणजे रुपयाचा बत्तिसावा भाग. पुढे ती 3 टक्के झाली, म्हणजे जवळपास तेवढीच राहिली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातल्या दोन तरतुदी महत्त्वाच्या. पहिली कपातीची. कामगाराच्या ताब्यात ‘स्पष्टपणे सोपवलेली’ वस्तू त्याच्या हयगयीने हरवली तर तेवढी रक्कम कापता येते. पण प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नाही, आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाही. किल्ली सोपवल्याची नोंदच नसेल तर कापायचं कशाच्या आधारावर? पॅटर्न रूमची, म्हणजे ओतकामाचे नमुने ठेवायच्या खोलीची किल्ली कोणाकडे होती, हे चौघांना तोंडी माहीत असणं पुरत नाही. शटरचं लिव्हर लॉक बदलावं लागलं तर त्या लॉकची पावती एवढाच खर्च धरता येतो. अख्खं शटर नवं करून त्याचं बिल सोडून गेलेल्याच्या माथी मारता येत नाही.

दुसरी तरतूद मुदतीची. मालकाने काढून टाकलं तर दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत सगळा पगार द्यायचा. गोम इथेच होती. शब्द होते ‘मालकाने सेवा संपवल्यास’. स्वतः राजीनामा दिलेल्याला ही दोन दिवसांची मुदत त्यात लिहिलेली नव्हती. त्याचा पगार नेहमीच्या पगाराच्या तारखेला. छोट्या धंद्यात माणूस काढला जातो त्यापेक्षा सोडून जातो जास्त, तेव्हा ‘दहा तारखेला या’ म्हणायला वाट मोकळी राहिली.

कोल्हापूरला तर हा कायदा सुरुवातीला लागूच नव्हता. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं ते 1 मार्च 1949 रोजी. त्याच सुमारास मुंबई दुकाने व आस्थापना कायदा 1948 आला होता. वर्षभर काम केलेल्याला 30 दिवसांची लेखी नोटीस, तीन महिन्यांहून जास्त पण वर्षाच्या आत असेल तर 14 दिवसांची, ही चौकट त्याने घातली. उचल फिटेपर्यंत माणसाला अडकवून ठेवण्यावर 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बंदी आणली. 1972 च्या उपदान (ग्रॅच्युइटी) कायद्याने 10 किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी, पाच वर्षं भरलेल्यांना, दर वर्षामागे 15 दिवसांचं वेतन दिलं. त्याची मुदत 30 दिवस. राज्याच्या 2017 च्या नव्या दुकाने कायद्याने मात्र 10 पेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना फक्त माहिती कळवण्याच्या बंधनावर सोडलं. महाद्वार रोडवरची किंवा गुजरीतली, म्हणजे सराफ बाजारातली, तीन-चार नोकरांची दुकानं तिथे सुटली. आधी किल्ली, मग हिशोब ही प्रथा टिकली ती जास्त करून याच दुकानांत.

वेतनाचे जुने कायदे एकत्र करणारी वेतन संहिता 2019 मध्ये मंजूर झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिने जुनी फट बुजवली: काढलं, कमी केलं, राजीनामा दिला किंवा धंदा बंद पडला, चारही वेळा दोन कामाच्या दिवसांत वेतन. कामगारसंख्येची अटही इथे नाही. म्हणजे पगारपत्रक होईपर्यंत थांबणं आता चालत नाही. त्या एका माणसाचा हिशोब वेगळा काढावा लागतो.

तो असा. महिना 13,000 असेल आणि 26 दिवसांनी भागत असाल तर रोज 500. पंधरा हजेऱ्यांचे 7,500, शिल्लक सहा रजांचे 3,000, मिळून 10,500. उचल 2,000 वजा केली की हातात 8,500. उचल 8,000 असती तर? एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही, तेव्हा ती सगळी एका फटक्यात वळती करता आली नसती. उरलेल्याचं वेगळं लिहून घ्यावं लागतं, आणि गुऱ्हाळापासून फाउंड्रीपर्यंत भांडणं होतात ती याच रकमेवरून. भागाकार 26 ने की 30 ने, हे नेमणुकीच्या वेळीच ठरलेलं असावं. जाताना ठरवायला गेलं की दोघांनाही आपापल्या सोयीचा आकडा आठवतो.

आता किल्लीकडे. वाड्यांच्या दारांना कडी-कोयंडा आणि गावच्या लोहाराने घडवलेलं कुलूप असे, त्याची दुसरी किल्ली करायची म्हणजे पुन्हा लोहार गाठा. अर्देशिर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, अलीगढचा मालही बाजारात आला आणि कुलूप साच्यातली वस्तू झाली. नक्कल सोपी झाली. फुटपाथवरचा चावीवाला बघता बघता दुसरी घासून देतो. त्यामुळे किल्ली परत आली म्हणजे प्रवेश थांबला, असा अर्थ होत नाही. हे एकदा मान्य केलं की किल्लीसाठी पगार धरून ठेवण्यातली हवाच निघून जाते.

जाणकार दुकानदार जाड वहीत किल्लीचा क्रमांक, कुलपाची जागा, दिल्याची तारीख आणि सही घेतात. बिल्ल्यावर दुकानाचं नाव नसतं, नुसता क्रमांक; हरवली तर सापडणाऱ्याला दार कळू नये. परत घेताना प्रत्येक किल्ली दोघांसमोर तिच्या कुलपात फिरवून बघायची. जुडग्यात दिसायला तशीच पण भलतीच किल्ली निघते, आणि ते कळतं सोमवारी सकाळी शटरपुढे गिऱ्हाईक उभं असताना. हे काम शेवटच्या संध्याकाळी काढू नये, दोन दिवस आधी नव्या माणसाच्या हातात द्यावं. माणूस गेल्यावर साधं कुलूप नवं घालावं. लिव्हर लॉक असेल तर आतल्या पट्ट्या बदलून नवी किल्ली बसवून घेता येते. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवण्याची बँकांची रीत गुजरीत परकी नाही, पण जाणाऱ्याच्या जागी दुसरा कोण हे आधी ठरवावं लागतं.

गेल्या काही वर्षांत ज्यांना दात नसतात अशा किल्ल्या वाढल्या. मोटरच्या शटरचा रिमोट हरवला तर अनेक रिसीव्हरमधून तो एकटा काढता येत नाही. सगळे पुसून उरलेले पुन्हा जोडावे लागतात. सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचा पासवर्ड, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधलं युजर नेम आहेच. सगळ्यात जास्त अडचण जीएसटी पोर्टलवर नोंदवलेल्या मोबाइलची: तो जुन्या हिशोबनीसाचा असला तर ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि विवरणपत्राच्या दिवशी मालक त्यालाच फोन लावत बसतो.

भविष्यनिर्वाह निधी कापत असाल तर पोर्टलवर सोडल्याची तारीखही भरावी लागते. ती राहिली की कामगाराचा दावा अडकतो. दोन महिन्यांनंतर त्याला ती स्वतः भरता येते, पण तोपर्यंत त्याचे हेलपाटे तुमच्या दारातच.