पार्श्वभूमी : ट्यूटरनं स्वतःचा कान कधी तपासायला घेतला?

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलांना ‘रायटिंग सेंटर’ नवं नाही. आपला कच्चा मसुदा घेऊन जायचं, समोर बहुतेक वेळा एखादा विद्यार्थीच ट्यूटर म्हणून बसलेला असतो, आणि अर्धा-पाऊण तास लिखाणावर बोलणं होतं. या ट्यूटरांच्या प्रशिक्षणात आता बऱ्याच ठिकाणी एक गृहपाठ असतो: तुझं घर, तुझी शाळा, तुझा वंश, तुझी बोली यांमुळे तुला दुसऱ्याच्या लिखाणात काय खटकतं, ते लिहून काढ. वंश आणि भाषेवरच्या अलीकडच्या वादांमुळे हे कालपरवाचं खूळ वाटतं. प्रत्यक्षात ही गोष्ट पन्नास वर्षांहून जुनी आहे.

एप्रिल १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या सिटी कॉलेजात कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी आवाराचा एक भाग ताब्यात घेऊन बंद पाडला. आजूबाजूच्या वस्तीतली मुलं वर्गात दिसतच नाहीत, ही त्यांची तक्रार होती. परिणामी हे कॉलेज ज्याचा भाग आहे त्या न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानं १९७० पासून शहरातल्या शालान्त उत्तीर्ण मुलांना सरसकट प्रवेश देऊन टाकला, तोही फीशिवाय. (फी सुरू झाली १९७६ मध्ये, शहराचं दिवाळं निघायच्या बेताला आलं तेव्हा.) घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नाही अशी हजारो मुलं एकदम वर्गात आली आणि त्यांचे निबंध वाचून प्राध्यापक हबकले.

सिटी कॉलेजात लेखन शिकवणाऱ्या मिना शॉनेसी मात्र ते निबंध घेऊन बसल्या. सुमारे चार हजार निबंध वाचून १९७७ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की या चुका आंधळ्या नाहीत, त्यांच्यामागे तर्क आहे. तिकडे त्याच विद्यापीठाच्या ब्रुकलिन कॉलेजात प्राध्यापक केनेथ ब्रफी यांची अडचण वेगळी होती. लिखाणासाठी मदत ठेवली होती, पण मुलं फिरकत नव्हती. त्यांना तो वर्गाचाच दुसरा अवतार वाटे. म्हणून ब्रफींनी विद्यार्थ्यांनाच ट्यूटर केलं. त्यासाठी एक अभ्यासक्रम आखला, त्यात ट्यूटरांनी स्वतः लिहायचं आणि एकमेकांचं लिखाण तपासायचं. दुसऱ्याच्या वहीला हात लावण्याआधी स्वतःची वही उघडायची, ही रीत तिथं रुजली.

१९७४ मध्ये महाविद्यालयीन लेखन शिकवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं ठराव केला: विद्यार्थ्याला स्वतःच्या बोलीचा हक्क आहे. यामागे भाषाशास्त्र होतं. कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत ‘शी वर्किंग’ म्हणजे ती आत्ता काम करते आहे, आणि ‘शी बी वर्किंग’ म्हणजे ती एरवी काम करत असते. प्रमाण इंग्रजीच्या कानाला दोन्ही चुकीचं वाटतं, आणि हा फरक निसटून जातो. आपल्याला हे समजायला फार लांब जायला नको. ‘काय करून राहिला बे?’ यावर पुण्यात कुणी हसलं, तर त्या ‘करून राहिला’ला स्वतःचं व्याकरण आहे हे हसणाऱ्याच्या गावीही नसतं.

ठराव झाला, पण ट्यूटरच्या टेबलावर दुसरीच शिस्त आली. १९८४ मध्ये रायटिंग सेंटरचे अभ्यासक स्टीफन नॉर्थ यांनी सांगितलं की केंद्राचं काम लिखाण सुधारण्याचं नाही, लिहिणारा घडवण्याचं आहे. त्या विचाराचं टोक १९९१ मध्ये जेफ ब्रुक्स यांच्या लेखात दिसतं: हातात पेन्सिल धरू नका, कागद विद्यार्थ्याजवळ ठेवा, उत्तर देऊ नका, प्रश्न विचारा. दिसायला नम्र अशी ही पद्धत. पण विद्यार्थ्याला खेळाचे नियम ठाऊक आहेत, असं ती मनाशी धरूनच चालते. शिक्षणतज्ज्ञ लिसा डेल्पिट यांनी शाळांच्या संदर्भात १९८८ मध्येच बजावलं होतं की सत्तेच्या वर्तुळातले नियम बाहेरून आलेल्या मुलाला उघड सांगावे लागतात. आडून सुचवलेलं फक्त आतल्यांना कळतं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा मजकूर म्हणजे संशोधक ॲन डिपार्डो यांनी १९९२ मध्ये मांडलेली एका जोडीची हकिगत. विद्यार्थिनी नवाहो आदिवासी समाजातली, ट्यूटर कृष्णवर्णीय. ट्यूटर मनापासून काम करणारी, प्रशिक्षणात शिकलेलं पाळणारी. विद्यार्थिनी गप्प राहिली की ट्यूटर पुढचा प्रश्न विचारी, मग आणखी एक. ती शांतता म्हणजे विचार असू शकतो, हे तिला ओळखू आलं नाही. ट्यूटरही वर्णभेद सोसलेल्या समाजातलीच होती, हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘मीही सोसलंय’ एवढ्यानं दुसऱ्याचं मौन वाचता येत नाही. स्वतःच्या बैठकी ध्वनिमुद्रित करून आपण किती बोललो, कुठे घाई केली, हे ट्यूटरनं ऐकण्याचा व्यायाम आज अनेक केंद्रांत चालतो, तो याच जातीच्या निरीक्षणांशी जुळणारा.

१९९९ मध्ये अभ्यासक नॅन्सी ग्रिम यांनी केंद्रांच्या सद्हेतूंवरच बोट ठेवलं. पुढे ट्यूटरच्या या आत्मपरीक्षणाला वर्ग, लिंग, राष्ट्रीयत्व असे पदर जोडले गेले. २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टकोमा इथल्या रायटिंग सेंटरनं वंशवादविरोधी निवेदन लावलं, तेव्हा ‘व्याकरणालाच वंशवादी ठरवलं’ अशी ओरड झाली.

टेबलावरची अडचण मात्र जुनीच आहे. ट्यूटर म्हणतो, तुझी भाषा ठीक आहे. विद्यार्थी म्हणतो, ते राहू दे, गुण प्रोफेसर देणार आहेत, आधी हे ‘अ’, ‘द’ असे आर्टिकल्स नीट करून दे.