हळदीचं डॉकिंग आणि ब्राह्मीचा घोळ

हल्ली औषधी वनस्पतीवर संशोधन करायला वनस्पती लागेलच असं नाही. बरासा लॅपटॉप, नेट आणि एक मोकळी दुपार एवढ्यात भागतं. गंमत नाही करत, फार्मसीच्या आणि बायोटेकच्या मुलांचे कितीतरी प्रोजेक्ट असेच होतात, आणि शिकण्यासाठी म्हणून त्यात काही वाईटही नाही. पण त्याच कामाची बातमी झाली की मथळा येतो 'अमुक वनस्पतीत तमुक रोगाचं औषध सापडलं', आणि मग फॅमिली ग्रुपवर काढ्याच्या रेसिपी सुरू.

त्या दुपारी जे करतात त्याला डॉकिंग म्हणतात. समजा हळदीतलं कर्क्युमिन घेतलं. त्याची रचना पबकेम या रसायनांच्या ऑनलाइन साठ्यात फुकट मिळते. ज्या प्रोटीनवर त्याचा परिणाम बघायचा त्याची त्रिमितीय रचना प्रोटीन डेटा बँकेतून घ्यायची, तीही फुकट. ही बँक १९७१ मध्ये जेमतेम सात रचनांवर सुरू झाली, आज तिच्यात दोन लाखांच्या वर आहेत. मग ऑटोडॉक व्हिना नावाचं सॉफ्टवेअर, अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतलं, २०१० चं, तेही फुकट. प्रोटीनला चिकटलेले पाण्याचे रेणू काढून टाकायचे, हायड्रोजन जोडायचे, प्रोटीनमधल्या ज्या खोबणीत रेणू बसायला हवा तिच्याभोवती एक चौकट आखायची आणि रन म्हणायचं. कुलपात किल्ली फिरवून बघावी तसं सॉफ्टवेअर तो रेणू वळवून, वाकवून, उलटासुलटा करून त्या खोबणीत बसवत राहतं आणि प्रत्येक वेळी एका सूत्राने मार्क देतं, इथे हायड्रोजन बंध जमला, तिथे तेलकट भाग तेलकट भागाशी जुळला, इकडे दोन अणू एकमेकांवर आदळले. पाच-दहा मिनिटांत स्क्रीनवर वरच्या नऊ स्थिती आणि समोर आकडे येतात, म्हणजे उणे ७.४ किलोकॅलरी वगैरे. जितका जास्त उणे तितकी पकड घट्ट, असा हिशोब.

आता खरी मेख या आकड्यात आहे. साध्या तापमानाला १.४ किलोकॅलरीचा फरक म्हणजे पकडीत दहापट फरक, २.८ म्हणजे शंभरपट. आणि या सॉफ्टवेअरचा अंदाज प्रत्यक्ष मोजलेल्या पकडीपेक्षा दोन-तीन किलोकॅलरी इकडेतिकडे होणं हे अगदी नेहमीचं आहे. म्हणजे एका पेपरात 'आमच्या रेणूला उणे ८.६ आले आणि बाजारातल्या औषधाला उणे ७.९, म्हणून आमचा सरस' असं लिहिलेलं असेल तर त्या वाक्याला फारसा अर्थच उरत नाही. शिवाय मोठा रेणू टाकला की चिकटायला जागा जास्त म्हणून मार्क आपोआप चांगले पडतात, आणि वनस्पतींत असे मोठे रेणू भरपूर. प्रोटीन सॉफ्टवेअरमध्ये सहसा ताठ धरलेलं असतं, शरीरात ते सारखं हलत असतं. एवढं सगळं माहीत असूनही लोक डॉकिंग वापरतात, आणि वापरावंच, कारण लाखभर रेणूंतून हजारभर निवडायचे असतील तर ही चाळणी चांगली आहे. फक्त चाळणीतून खाली पडलं म्हणून ते औषध होत नाही.

२०२० मध्ये याचा अतिरेक बघायला मिळाला. कोरोना विषाणूचं मेन प्रोटिएज नावाचं प्रोटीन, ज्याच्याशिवाय विषाणूला स्वतःची पुढची प्रोटीनं कापून तयार करता येत नाहीत, त्याची रचना चिनी संशोधकांनी त्या वर्षाच्या सुरुवातीलाच खुली केली. लॅब बंद, लॅपटॉप चालू, मग काय, तुळस, हळद, गुळवेल, कडुनिंब, जे सुचेल ते त्या प्रोटीनमध्ये बसवून बघितलं गेलं. आयआयटी दिल्ली आणि जपानच्या एआयएसटी संस्थेनेही तेव्हा अश्वगंधेतलं विथॅनोन आणि मधमाश्यांच्या प्रोपोलिसमधलं, म्हणजे त्या पोळ्यात वापरतात त्या डिंकासारख्या पदार्थातलं, एक रसायन यांच्यावर काम केलं, आणि त्यांच्या शीर्षकातच स्पष्ट होतं की हा अंदाज आहे. पण बातमीत येताना 'अंदाज' हा शब्द वाटेत कुठे गळतो कोण जाणे. त्याच प्रोटिएजवर चालणारं खरं औषध, निरमॅट्रेलव्हिर, जे पॅक्सलोविड म्हणून विकलं जातं, त्याला डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत आणीबाणीची परवानगी मिळाली. त्याची मुळं २००३ च्या सार्स साथीच्या वेळी बनवलेल्या रेणूंपर्यंत जातात, मग रसायनशास्त्रज्ञांनी बदल केले, प्राण्यांवर चाचण्या, माणसांवर ट्रायल, हे सगळं रीतसर झालं. कॉम्प्युटर तिथेही होताच, पण एकटा नव्हता.

परत कर्क्युमिनकडे येऊ, कारण डॉकिंगवाल्यांचं ते लाडकं. कागदावर ते फार सोज्वळ दिसतं. गोळीने घ्यायच्या औषधाचा रेणू कसा असावा याचे लिपिन्स्कीचे म्हणून काही ठोकताळे आहेत, रेणूभार पाचशेच्या आत वगैरे, आणि कर्क्युमिन ३६८ वर आरामात पास होतं. पण प्रत्यक्षात? शरीरासारख्या ३७ अंश तापमानाच्या, किंचित अल्कधर्मी द्रावणात ते अर्ध्या तासात जवळपास ९० टक्के विघटित होतं. पोटात घेतलं तर रक्तात नावालाच पोचतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजने १९९८ मध्ये दाखवलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं तर रक्तातलं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढतं. हा आकडा सप्लिमेंटवाले अजून वाजवतात. पण मुळात जवळजवळ शून्य असलेली गोष्ट वीसपट वाढली तरी फार होत नाही, हे कोणी सांगत नाही. वरून कर्क्युमिन टेस्टट्यूबमध्ये ज्याला-त्याला चिकटतं, स्वतः चमकतं, धातू पकडतं, त्यामुळे चाचणी 'पॉझिटिव्ह' येते आणि ती खोटी असते. २०१७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या लोकांनी सगळा हिशोब मांडला, १२० च्या वर क्लिनिकल ट्रायल होऊनही खरं औषध कोणाला आणि खोटी गोळी कोणाला हे पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही न सांगता केलेली एकही यशस्वी ट्रायल त्यांना दिसली नाही. हळद भाजीत छानच लागते, प्रश्न तो नाहीये.

आणि उलटंही होतं, म्हणजे खरं औषध डॉकिंगमधून निसटतं. चीनमध्ये तू यूयू यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मलेरियावरचं आर्टेमिसिनिन एका वनस्पतीतून काढलं, २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा रेणू एखाद्या खोबणीत शांत बसून काम करत नाही. मलेरियाचा परजीवी रक्तातलं हिमोग्लोबिन खातो, त्यातून सुटलेल्या लोहाशी गाठ पडली की आर्टेमिसिनिनमधला ऑक्सिजनचा पूल तुटतो आणि मग तो दिसेल त्या प्रोटीनला झोंबतो. एका प्रोटीनमध्ये बसवून बघणाऱ्या सॉफ्टवेअरला यातलं काय कळणार?

आपल्या मुंबईचं उदाहरण तर कॉम्प्युटरच्या आधीचं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या ब्लड प्रेशरच्या पेशंटना देऊन वर्षानुवर्षं नोंदी ठेवत होते, १९४९ मध्ये त्यांनी ५० पेशंटचे निकाल ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि जगाचं लक्ष गेलं. रिसर्पिन हा रेणू त्यानंतर, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत वेगळा झाला. आधी पेशंट, मग रेणू. पुढे साइड इफेक्टमुळे रिसर्पिन मागे पडलं ते वेगळं, पण क्रम बघा.

मग कॉम्प्युटरचा खरा उपयोग कुठे? माझ्या मते वहीखात्यात. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत अरिजित सामल यांच्या गटाने इम्पॅट नावाचा डेटाबेस केलाय. २०१८ च्या पहिल्या आवृत्तीत १७४२ भारतीय औषधी वनस्पती आणि त्यांतली ९५९६ रसायनं, दुसऱ्या आवृत्तीत ४०१० वनस्पती आणि १७९६७ रसायनं. वाचायला सोपं वाटतं, पण हे काम म्हणजे शंभरावर पुस्तकं आणि हजारो शोधनिबंध माणसांनी बसून चाळायचे, जुनी लॅटिन नावं आजच्या नावांशी जुळवायची, एकच रसायन पाच नावांनी आलं असेल तर ते एक करायचं. याची बातमी कधी होत नाही.

नावांचा घोळ केवढा असतो ते ब्राह्मीवरून बघा. कुणी बॅकोपाला ब्राह्मी म्हणतं, जी ओलसर जागी पसरते आणि जिच्यात बॅकोसाइड असतात. कुणी सेंटेला म्हणजे मंडूकपर्णीला ब्राह्मी म्हणतं, आपल्याकडे तिला कारिवणाही म्हणतात, ती कोथिंबिरीच्या कुळातली आणि तिच्यात एशियाटिकोसाइड. कुळं वेगळी, रसायनं वेगळी, बाटलीवर नाव एकच. शंखपुष्पीचं तर विचारूच नका, केरळात त्या नावाने गोकर्ण वापरतात. असा डेटा न निवडता मशीन लर्निंगला घातला तर मॉडेल भलतंच काहीतरी शिकेल, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

इम्पॅटच्या दुसऱ्या आवृत्तीत आणखी एक कामाची भर आहे, रसायन वनस्पतीच्या कुठल्या भागात मिळतं तेही नोंदवलंय. मघाचं विथॅनोन घ्या, ते अश्वगंधेच्या पानात जास्त असतं आणि दुकानात चूर्ण मिळतं मुळाचं. म्हणजे डॉकिंग बरोबर आलं असं धरलं तरी बातमी वाचून मुळाचं चूर्ण आणणाऱ्याच्या पोटात ते किती जाणार?

दुसरी मला आवडलेली गोष्ट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतली, जीएनपीएस नावाची रेणू ओळखायची ऑनलाइन सोय, २०१६ ची. इथे अर्क खरोखर काढावा लागतो. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंचं वजन मोजायचं यंत्र, त्यात रेणूंचे तुकडे पाडायचे, कुठल्या वजनाचे तुकडे पडले याचा प्रत्येक रेणूचा ठसा वेगळा असतो. सॉफ्टवेअर सारखे ठसे शेजारी शेजारी जोडून जाळं बनवतं आणि जगभरच्या लोकांनी जमा केलेल्या ठशांशी ताडून बघतं. जाळ्यात ओळखीच्या रेणूंच्या शेजारी एखादा अनोळखी दिसला की त्याच्या मागे लागायचं, बाकीचे सोडून द्यायचे. म्हणजे पीएचडीच्या मुलाने वर्षभर अर्क गाळून, त्यातली रसायनं एकेक वेगळी करून, 'नवीन' रसायन म्हणून जे हातात धरलं ते शेवटी कांद्यातलं क्वेर्सेटिनच निघालं, हे तरी टळतं.