जुनी दोन ग्राफिक्स कार्डं की नवं एक?

'घरी जीटीएक्स ९७० आहे. तसंच एक सेकंडहँड आणतो, एसएलआय लावून द्याल का?' काउंटरवर हा प्रश्न सारखा येतो. जीटीएक्स ९७० हे एनव्हिडियाचं जुनं ग्राफिक्स कार्ड, आणि एसएलआय म्हणजे अशी दोन कार्डं जोडून एकत्र चालवायची सोय. गेमिंगसाठी आमचं उत्तर आहे: त्यात पैसे घालू नका.

गफलत होते ती मेमरीच्या बेरजेत. ४ जीबी आणि ४ जीबी मिळून ८ होत नाहीत. एसएलआयमध्ये एक फ्रेम पहिलं कार्ड काढतं, पुढची दुसरं. त्यामुळे तोच डेटा दोन्हीकडे भरावा लागतो आणि वापरायला ४च उरतात. ९७०मध्ये त्यातलेही ३.५ जीबीच वेगवान आहेत. गेमला ६ लागत असतील तर दुसरं कार्ड लावूनही तो तिथेच अडकतो. मग 'कार्ड खराब निघालं' म्हणून पीसी आमच्याकडे येतो, दिवसभर टेस्टिंग होतं आणि दोन्ही कार्डं ठणठणीत निघतात. टेस्टिंगचा चार्ज आम्ही घेतो तो या वेळेचा. नवं कार्ड आमच्याकडून घेतलंत तर तो बिलातून वजा होतो.

शिवाय एनव्हिडियाने २०२१पासून नवे एसएलआय प्रोफाइल (एखादा गेम दोन कार्डांवर चालावा म्हणून ड्रायव्हरमध्ये लागणारी सेटिंग) देणं थांबवलं. त्यानंतरच्या बहुतेक गेममध्ये दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं. दोन ९७० मिळून २९० वॅटची, आणि खालच्या कार्डामुळे वरच्याला हवा मिळत नाही, ते तापून वेग कमी करतं. त्याऐवजी नंतरच्या पिढीचं आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॅटमध्ये एका ९७०च्या दुपटीच्या आसपास काम देतं. मात्र १२ जीबीचंच मागा. त्याच नावाचं ८ जीबीचं कार्ड हळू आहे.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्सवर (त्यातलं चित्र तयार करणारं इंजिन) रेंडर करणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे एसएलआय ब्रिजशिवायही (कार्डं जोडणारी पट्टी) दोन्ही कार्डं काम वाटून घेतात, फक्त सीन प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावला पाहिजे. अशा ग्राहकांना आम्ही दुसरं कार्ड आनंदाने लावून देतो.

कोणतंही कार्ड घेण्याआधी आम्हाला व्हॉट्सॲपवर एसएमपीएसच्या (पीसीचा पॉवर सप्लाय) स्टिकरचा आणि उघड्या कॅबिनेटचा फोटो पाठवा, सोबत मदरबोर्डचं मॉडेल. ३०६०ला चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस आणि बहुतेक मॉडेलना ८ पिनची एक वायर लागते. मोलेक्स कन्व्हर्टरवर (जुन्या ४ पिनच्या वायरवरून कार्डाला वीज देणारी जोडणी) आम्ही कार्ड चालू करून देत नाही, वायर वितळते. फोटो पाहून सल्ला मोफत. जुनं ९७० चालू असेल तर तेही बदलीत घेतो.